डिझेल इंजिन पंप : लिव्हर, व्हॉल्व्ह आणि गेजचे काटे

अवसरी खुर्द, मंचर परिसरात बटाटा, कांदा, ऊस आणि तरकारी पिके घेतली जातात. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळते आणि जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने रात्री एकट्याने दारे धरणे धोक्याचे असते. त्यामुळे दिवसा पाणी देण्यासाठी डिझेल इंजिन पंप आजही उपयोगी पडतो. बटाट्याचे कंद पोसत असताना पाण्याचा ताण बसला तर कंद लहान राहतात. नेमक्या अशा वेळी इंजिन बंद पडू नये, यासाठी त्याचे काटे वाचता आले पाहिजेत. नुसत्या आवाजावर विसंबू नका.

सुरू करण्यापूर्वी

- डीपस्टिक पुसून ऑइल तपासा. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. ज्या इंजिनाला ऑइल प्रेशर गेज नाही, तिथे डीपस्टिक हेच एकमेव मोजमाप आहे.
- डिझेल, पट्ट्याचा ताण किंवा कपलिंगचे बोल्ट आणि थंड करणाऱ्या पाण्याची नळी पाहा.
- सक्शन पाइप आणि पंप पाण्याने पूर्ण भरा. हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओता. कोरडा पंप चालवल्यास सील किंवा ग्लँडची दोरी जळते.
- डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवा. सेंट्रिफ्युगल पंपाचा भार व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत कमी असतो.

सुरू करण्याचा क्रम

1. डिझेलचा कॉक उघडा आणि डिकॉम्प्रेशन लिव्हर उचला.
2. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो, मनगट वाचते. सैल बाह्या, उपरणे किंवा ओढणी इंजिनाजवळ नको.
3. वेग आल्यावर डिकॉम्प्रेशन लिव्हर खाली सोडा.
4. ऑइल प्रेशरचा काटा काही सेकंदांत उठला पाहिजे. उठला नाही तर इंजिन लगेच बंद करा.
5. कमी वेगात थोडे गरम होऊ द्या, मग स्पीड लिव्हरने पाटीवर लिहिलेल्या वेगावर आणा.
6. डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. तो बंद ठेवून पंप एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, आतले पाणी तापते.

दोन काटे एकत्र वाचा

पंपाच्या सक्शन बाजूला व्हॅक्यूम गेज आणि डिलिव्हरी बाजूला प्रेशर गेज असावे. नसल्यास बसवून घ्या. डिलिव्हरी गेजवर 1 किलो म्हणजे सुमारे 10 मीटर उंचीचा दाब. व्हॅक्यूम गेजवर 1 मीटर खोली म्हणजे सुमारे 74 मिलिमीटर पारा. पाइपमधल्या घर्षणाचा त्यात वेगळा वाटा असतो.

- सक्शन जास्त, डिलिव्हरी कमी, इंजिन हलके : फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबली आहे किंवा विहिरीची पातळी खाली गेली आहे.
- सक्शन जास्त, डिलिव्हरी कमी, पण इंजिन दमते आणि काळा धूर येतो : पुढे पाइप फुटला असावा. पाणी जास्त वाहते, म्हणून भारही वाढतो. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळून इंजिनाचा भार कमी करा, मग इंजिन थांबवून पाइपलाइन तपासा.
- दोन्ही काटे शून्याकडे किंवा थरथरतात : पंपाने हवा धरली आहे. सक्शनचे सांधे आणि ग्लँड तपासा, फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर उघडा पडला नाही ना ते पाहा.
- सक्शन कमी, डिलिव्हरी जास्त : पुढे अडथळा आहे. बंद राहिलेला व्हॉल्व्ह किंवा तुंबलेला फिल्टर शोधा. ठिबकमध्ये सँड फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक 0.5 किलोपर्यंत गेला की बॅकवॉश करा.
- दोन्ही काटे स्थिर, पण नेहमीपेक्षा कमी : वेग कमी आहे किंवा पट्टा घसरतो आहे.

सगळे सुरळीत चालू असेल त्या दिवशी दोन्ही काट्यांच्या जागी काचेवर रंगाची खूण करा. तुमच्या विहिरीसाठी, तुमच्या पाइपलाइनसाठी तोच बरोबर आकडा. पुढे कोणीही इंजिन चालवले तरी फरक लगेच दिसेल.

स्पीड लिव्हर वापरताना

वेग थोडा बदलला तरी दाब आणि भार खूप बदलतात. 1500 फेऱ्यांचे इंजिन 1350 वर आणले, म्हणजे वेग 10 टक्के कमी केला, तर पाइपलाइनला घर्षणच मुख्य असताना पाणी सुमारे 10 टक्के, दाब 19 टक्के आणि लागणारी ताकद 27 टक्के कमी होते. उंच शेतात पाणी चढवताना पाणी यापेक्षाही जास्त घटते. उलट, पाणी कमी पडते म्हणून पाटीवरील वेगापुढे इंजिन पळवल्यास भार तितक्याच झपाट्याने वाढतो. पाणी कमी होण्याचे कारण काट्यांवर शोधा, लिव्हरला हात नंतर लावा.

विहिरीची पातळी उतरल्यावर

उन्हाळ्यात व्हॅक्यूमचा काटा दिवसेंदिवस वर चढतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब थोडा कमी आहे. पंपापासून पाण्याची पातळी सुमारे 6 मीटरपेक्षा खाली गेली की पंप पाणी सोडू लागतो. काटा 440 मिलिमीटरच्या पुढे जाऊ लागला, तर दुसरी सोय करण्याची वेळ आली असे समजा.

अशा वेळी इंजिन विहिरीत उतरवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो विहिरीत साचतो. उतरलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो आणि त्याला काढायला उतरलेलाही तसाच अडकतो. नुसता धुराचा पाइप वर काढला म्हणून धोका टळत नाही. पातळी खोल गेल्यास पाणबुडी पंपासारखी सोय करा. कोणी विहिरीत बेशुद्ध पडल्यास स्वतः उतरू नका. 112 वर फोन करून मदत बोलवा.

बंद करताना

डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळू बंद करा, वेग कमी करा, एक-दोन मिनिटे भाराशिवाय चालू द्या आणि मग स्टॉप लिव्हरने थांबवा. डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून इंजिन बंद करण्याची सवय व्हॉल्व्ह खराब करते. टाकीतले डिझेल पूर्ण संपू देऊ नका. नळीत हवा शिरली की पुढच्या वेळी ती काढल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

इंजिनाजवळ एक वही ठेवा. तारीख, चाललेले तास, दोन्ही काट्यांचे आकडे आणि ऑइल बदलल्याची नोंद करा. मेकॅनिक आल्यावर आधी ती वही त्याच्या हातात द्या.