बोहेड देवमाशांची गणना, अलास्का

उत्तर अलास्कातील इन्युपियाट या मूळनिवासी समाजाचे शिकारी आणि जीवशास्त्रज्ञ यांनी मिळून केलेली बोहेड देवमाशांची मोजणी. पारंपरिक ज्ञान व विज्ञान एकत्र आल्यास संशोधन किती अचूक होते, हे दाखवणारे हे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापारी जहाजांनी चरबी व बलीन (तोंडातील गाळणीसारख्या पट्ट्या) यांसाठी बोहेडची बेसुमार कत्तल केली. १९७०च्या दशकात दोन हजारांहूनही कमी बोहेड उरले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. त्यामुळे १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने इन्युपियाटांच्या उदरनिर्वाहाच्या शिकारीवरही बंदी घालण्याचे ठरवले. शिकाऱ्यांनी त्याच वर्षी अलास्का एस्किमो व्हेलिंग कमिशन स्थापन केले. पुढे १९७८ साठी मर्यादित कोटा मंजूर झाला.

मतभेद : वसंतात बोहेड बेरिंग समुद्रातून ब्यूफर्ट समुद्राकडे जातात. निरीक्षक बर्फाच्या कडेवरून मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यात दिसणारे देवमासे मोजत. पट्टा गोठला की त्यांची ये-जा थांबते, असे गृहीत धरले होते. हॅरी ब्रोअर यांच्यासारख्या जाणत्या शिकाऱ्यांना हे पटले नाही. बोहेड बर्फाखालूनही पोहत जातो, डोक्याच्या उंचवट्याने बर्फ वर उचलून तडकवतो आणि त्या फटीतून श्वास घेतो, हे त्यांनी पशुवैद्य टॉमस आल्बर्ट यांना समजावून सांगितले. अनेक देवमासे कडेपासून दूरवरून जात असल्याने दिसतच नाहीत, असेही त्यांचे म्हणणे होते.

पडताळणी : नॉर्थ स्लोप बरो या स्थानिक शासनाच्या पुढाकाराने १९८०च्या दशकात पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून बोहेडचे आवाज टिपले गेले, विमानातूनही पाहणी झाली. पट्टा बंद असतानाही आवाज येत राहिले. सुधारित पद्धतीने २००१ मध्ये सुमारे १०,५०० आणि २०११ मध्ये सुमारे १७,००० बोहेड असल्याचा अंदाज निघाला. नंतरची वाढ खरी असली, तरी १९७०च्या दशकातील आकडा मुळातच फार कमी होता.

आयुर्मान : बोहेड माणसाच्या दोन आयुष्यांइतका जगतो, असे वडीलधारे सांगत. शिकारीत मिळालेल्या देवमाशांच्या शरीरात जुनी दगडी भालाग्रे सापडली. नेत्रभिंगांच्या १९९९ मधील रासायनिक अभ्यासातून काही बोहेड शंभराहून अधिक वर्षे जगल्याचे दिसले.

महत्त्व : या सहकार्यामुळे बोहेडची गणना विश्वासार्ह झाली आणि शिकारीचा कोटा खऱ्या संख्येवर ठरू लागला. शिकाऱ्यांचे म्हणणे ऐकीव म्हणून बाजूला सारले असते, तर एका समाजाचे अन्न चुकीच्या आकड्यापायी हिरावले गेले असते.