पत्र आणि पत्रवाहक

पौलाने कलस्सैकरांस पत्र लिहिले व ते तुखिकाच्या हाती दिले. आपली हकीकत तोंडी कळविण्याचे आणि तेथील बंधुजनांना धीर देण्याचे कामही त्याने तुखिकावर सोपविले. करिंथकरांकडेही त्याने नुसती पत्रे धाडली नाहीत, तीमथ्यालाही पाठविले. दूरच्या शिष्याला शिकवावयाचे तर पत्राबरोबर माणूसही लागतो, हे मंडळीला आरंभापासून ठाऊक होते. विसाव्या शतकातील शिक्षणशास्त्रज्ञांना मात्र हेच सत्य मोजमापाच्या वाटेने नव्याने शोधावे लागले. त्या शोधाची कथा आपणा पाळकांना व धर्मशिक्षकांना उपयोगी पडण्याजोगी आहे.

टपालाने शिकविण्याची कल्पना जुनी आहे. १८४० साली इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमन यांनी त्याच टपालाने लघुलिपीचे पाठ देण्यास आरंभ केला. लंडन विद्यापीठाने १८५८ साली बाह्य विद्यार्थ्यांना पदवीची वाट मोकळी करून दिली. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम काढला. परंतु या शिक्षणाला एक दुखणे जडलेले होते : नाव नोंदविणारे पुष्कळ, शेवटास जाणारे थोडे. अभ्यास सोडणाऱ्यात चिकाटी नाही, एवढा निवाडा देऊन मोकळे होणे सोपे होते.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली व १९७१ साली त्याचे वर्ग सुरू झाले. या विद्यापीठाने आपल्याच विद्यार्थ्यांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. नेओमी मॅकिंटॉश यांनी त्या कामी पुढाकार घेतला. पुढे १९८३ साली अ‍ॅलन वुडली आणि माल्कम पार्लेट यांनी विद्यार्थिगळतीची छाननी केली. एखाद्या एकाच कारणाने मनुष्य अभ्यास सोडीत नाही. नोकरी, घर, आजारपण, अभ्यासक्रमाचा बोजा अशी अनेक ओझी एकावर एक चढतात, असे त्यातून दिसून आले.

अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली असे प्रतिपादन केले होते की, विद्यार्थी संस्थेच्या जीवनाशी जितका एकरूप होतो तितका तो टिकतो. हा विचार मुख्यतः प्रत्यक्ष महाविद्यालयात जाणाऱ्यांचा होता. डेव्हिड केंबर यांनी १९८९ साली तो दूरच्या प्रौढ विद्यार्थ्याला लावून पाहिला आणि त्यात कुटुंब व कामधंदा यांना जागा दिली. मायकेल मूर यांनी तर दूरपणाचा अर्थच बदलला. गुरुशिष्यांमधील अंतर मैलांवरून मोजावयाचे नसून त्यांच्यात संवाद किती होतो यावरून ठरवावयाचे, असे त्यांचे म्हणणे. स्वीडनचे बोर्जे होल्मबर्ग यांनीही पाठ हा संभाषणासारखा लिहिला जावा, असा आग्रह धरला.

नॉर्वेचे टॉर्स्टाइन रेकेडाल यांचा प्रयोग साधा, पण डोळे उघडणारा आहे. पत्रशाळेतील काही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासून लवकर परत केल्या, इतरांच्या नेहमीच्या संथ गतीने. ज्यांना उत्तर लवकर मिळाले त्यांच्यापैकी अधिक जणांनी अभ्यास पुरा केला. तेव्हा अडखळत होता तो केवळ विद्यार्थी नव्हता. शिक्षकाचा हातही जड झाला होता.

याच काळात मंडळीनेही हा धडा गिरविला. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीत राल्फ विंटर, जेम्स एमरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली विस्तार-शिक्षण सुरू केले. गावोगावचे पुढारी शेती व संसार सोडून वसतिगृहात येऊ शकत नव्हते. म्हणून शिक्षकच ठरल्या दिवशी त्यांच्या भागात जाऊ लागले. मिशिगनचे शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी या पद्धतीला लाकडी कुंपणाची उपमा दिली. घरचा अभ्यास व प्रत्यक्ष सेवा हे दोन आडवे वासे आणि ठराविक अंतरावरील भेटी हे उभे खांब. खांब नसतील तर वासे जमिनीवर पडतात. हीच पद्धत भारतात १९७१ साली बंगलोर येथून सुरू झाली. पुढे सर्वसामान्य उच्च शिक्षणासाठी हैदराबादेत १९८२ साली देशातले पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले, आणि नाशिकचे १९८९ साली.

आपल्या मंडळ्यांतही दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणारे बंधुभगिनी आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या उत्तरपत्रिका येणे थांबले की, त्याला पाचारण खरे होते काय, अशी शंका आपण फार लवकर घेतो. ही शंका एखाद्याला सेवेतून कायमचे उठवू शकते. तिच्याआधी दोन प्रश्न आपण स्वतःला विचारले पाहिजेत. त्याची मागली उत्तरपत्रिका आपण केव्हा परत केली? आणि त्याच्या घरी कोण जाऊन आले? पाचारणाची परीक्षा प्रभू घेईल. तुखिकाचे काम मात्र त्याने आपल्यावर सोपविले आहे.