गॅस टँकरवरील खुणा : नियम काय सांगतात, नागरिकांनी काय वाचावे

इंदूरहून दक्षिणेकडे येणारा महामार्ग असीरगडचा घाट उतरून बऱ्हाणपुरात येतो आणि इच्छापूर ओलांडल्यावर जळगाव जिल्ह्यात प्रवेश करतो. केळी, कापूस आणि यंत्रमागाचे कापड वाहणाऱ्या मालमोटारींच्या रांगेत या रस्त्यावर पांढऱ्या दंडगोल टाक्यांचे टँकरही दिसतात. त्या टाक्यांत प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण, म्हणजेच द्रवरूप पेट्रोलियम वायू असतो. टाकीच्या दोन्ही बाजूंस आणि मागे एक फलक असतो. त्यावर लाल रंगाची, शंकरपाळ्याच्या आकाराची खूण आणि काही आकडे असतात. हा फलक सजावटीसाठी नाही. अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत कोणी काय करावे, हे त्यावरून ठरते.

ही माहिती किती मोलाची आहे, हे निमाडाने अनुभवले आहे. बऱ्हाणपूरपासून फार दूर नसलेल्या खरगोन जिल्ह्यातील अंजनगाव येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये इंधनाचा टँकर उलटला. गावकरी त्याच्याभोवती जमले आणि काही वेळाने भडकलेल्या आगीत अनेक जण होरपळले. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांक्रोटा येथे गॅस टँकरला मालमोटारीची धडक बसली. बाहेर पडलेला वायू रस्त्यावर पसरून पेटला आणि आसपासची अनेक वाहने त्यात सापडली. गोव्यातही १९ जानेवारी २०१८ रोजी चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटल्यामुळे पहाटेच्या अंधारात रहिवाशांना घरे सोडावी लागली होती.

कायद्याची चौकट

धोकादायक मालाच्या रस्ते वाहतुकीचे नियम देशभर एकच आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ या विषयाला वाहिलेले आहेत. मालावर व वाहनावर वर्गचिन्ह कसे लावावे, हे नियम १३० सांगतो. माल पाठवणारा, वाहतूकदार आणि चालक यांच्या जबाबदाऱ्या अनुक्रमे नियम १३१, १३२ व १३३ मध्ये आहेत. आपत्कालीन माहिती फलकाचा तपशील नियम १३४ मध्ये येतो. टाकीची रचना, चाचणी आणि परवाना यांचे नियमन मात्र स्फोटक कायदा, १८८४ खालील २०१६ च्या स्थिर व फिरत्या दाबपात्र नियमांनुसार होते. ते काम पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना पाहते. या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे.

फलकावर काय असावे

नियम १३४ नुसार आपत्कालीन माहिती फलक वाहनाच्या दोन्ही बाजूंस व मागील बाजूस, अशा तीन ठिकाणी ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. त्यावर पुढील माहिती असावी लागते :

• पदार्थाचे अचूक तांत्रिक नाव, किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत.
• संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक, किमान १०० मिलिमीटर उंचीच्या आकड्यांत.
• पदार्थाचे वर्गचिन्ह, किमान २५० मिलिमीटर बाजूच्या चौरसात.
• आग वा अपघात झाल्यास ज्या आपत्कालीन सेवेला कळवायचे, तिचे नाव व दूरध्वनी क्रमांक.
• माल पाठवणाऱ्याचे किंवा तज्ज्ञ सल्ला देऊ शकणाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक.

वर्गचिन्हाचा चौरस ४५ अंशांत तिरपा असतो. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात चित्र आणि खालच्या अर्ध्या भागात मजकूर असतो. फलकावरील मजकूर बहुधा इंग्रजीत असल्याने ज्याला तो वाचता येत नाही, त्याच्यासाठी हे चित्रच फलकाची भाषा ठरते.

आकडे आणि रंग यांचा अर्थ

लाल पार्श्वभूमीवरील ज्योत म्हणजे ज्वालाग्राही वायू. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात तो वर्ग २.१ आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कवटी असेल तर वायू विषारी, म्हणजे वर्ग २.३ चा समजावा. क्रमांक १०७५ हा द्रवरूप पेट्रोलियम वायूचा, १९७८ हा प्रोपेनचा, तर १००५ हा निर्जल अमोनियाचा. हे क्रमांक जगभर तेच आहेत. युरोपात टँकरवर नारिंगी पाटी असते. तिच्या वरच्या ओळीतील २३ हा आकडा ज्वालाग्राही वायू दर्शवतो आणि खालच्या ओळीत संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असतो.

भारतातील टँकरांवर याशिवाय अग्निशामकांसाठीचा एक छोटा संकेतही आढळतो. त्यातील पहिला आकडा आग विझवण्याचे माध्यम सांगतो. १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे बारीक फवारा, ३ म्हणजे फेस आणि ४ म्हणजे कोरडी भुकटी. संकेताच्या शेवटी इंग्रजी ‘ई’ हे अक्षर असेल, तर परिसर रिकामा करण्याचा विचार करावा, असा त्याचा अर्थ होतो.

हा वायू कसा वागतो

प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस आहे. दाबाखाली तो द्रवरूपात राहतो. बाहेर पडताच त्याची वाफ होते आणि एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गटारे, खड्डे व सखल जागा यांत साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ टक्के झाले तरी एका ठिणगीने तो पेटू शकतो. मूळ वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते.

टाकीला बाहेरून आगीची झळ बसू लागली, तर धोका आणखी वाढतो. आतील द्रव उकळतो, दाब चढतो आणि तापलेला पत्रा फाटून प्रचंड स्फोट होऊ शकतो. म्हणूनच टाकी आगीत सापडल्यास सर्व दिशांना १,६०० मीटरपर्यंतचा परिसर रिकामा करावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. नुसती गळती असली तरी किमान १०० मीटरच्या आत कोणी थांबू नये.

रिकामी टाकी निर्धोक नसते

साठवण टाकी एका जागेहून दुसरीकडे हलवताना ‘आत काही नाही’ असे गृहीत धरणे घातक ठरते. द्रव काढून घेतला तरी वाफ उरते. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार टाकी शुद्ध करून वायुमुक्त होईपर्यंत तिच्यावरील धोक्याच्या खुणा काढत नाहीत. उलट, ज्या टाकीत धोकादायक पदार्थ नाही, तिच्यावर जुनी खूण तशीच राहू देणेही चुकीचे आहे, कारण त्यामुळे मदत पथकांची दिशाभूल होते.

चालकाची जबाबदारी

असा माल वाहणाऱ्या चालकाला आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. त्याने विशेष प्रशिक्षण घेतलेले असावे आणि त्याच्या अनुज्ञप्तीवर तशी नोंद असावी. मालासंबंधीची लेखी सुरक्षा माहिती चालकाच्या कक्षात ठेवणे आवश्यक असते. अपघात झाल्यास जवळच्या पोलीस ठाण्याला व वाहनमालकाला तत्काळ कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या तरतुदींच्या पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नागरिकांनी काय करावे

उलटलेला टँकर दिसल्यास जवळ जाऊ नये. फलक दुरूनच वाचावा. १०० मिलिमीटर उंचीचे आकडे त्यासाठीच असतात. वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंच जागेकडे सरकावे. वाहन सुरू करू नये, काडी पेटवू नये. सुरक्षित अंतरावर पोहोचल्यावर ११२ क्रमांकावर दूरध्वनी करून ठिकाण, फलकावरील आकडा व चिन्हाचा रंग सांगावा. स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीसाठी १९०६ हा स्वतंत्र क्रमांक आहे. चार आकडे अचूक कळले, तर अग्निशमन दल घटनास्थळी पोहोचण्यापूर्वीच योग्य तयारी करू शकते. असीरगडच्या घाटापासून राष्ट्रीय महामार्ग ६६ पर्यंत नियम एकच आहे. फलक पुसट झाला असेल किंवा चिखलाने झाकला गेला असेल, तर तो नसल्यातच जमा.