नाक कुणी कापले?

आपल्या मराठीत नाक म्हणजे अब्रू. 'त्याचे नाक कापले गेले' असे आपण म्हणतो तेव्हा रक्ताचा थेंबही सांडलेला नसतो, तरी माणूस तोंड लपवतो. पूर्वी मात्र सूड म्हणून, शिक्षा म्हणून खरोखरच नाक कापत असत. अशाच एका माणसाची हकीकत आपल्या पुण्याजवळची आहे. भगिनींना ती ठाऊक असावी म्हणून येथे देते.

१७९२ सालच्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत एक मराठा बैलहाक्या होता. इंग्रजांनी त्याचे नाव कावसजी असे लिहून ठेवले आहे. तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. आधी मेणाचे नाक केले, ते कपाळावर पसरून माप घेतले. तेवढी कातडी सोडवली, भुवयांच्या मध्ये थोडी जोडलेली ठेवली, आणि वळवून खाली नाकाच्या जागी बसवली. वर भिजवलेल्या काताची पट्टी ठेवली. पानाच्या डब्यातला आपला कात तो हाच! पुढे तुपाच्या पट्ट्या. भूल देण्याचे औषध तेव्हा निघाले नव्हते. लोकांत मान वर करून वावरता यावे म्हणून त्या माणसाने एवढे सोसले.

ही हकीकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या डॉक्टरांनी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्याआधी कितीतरी शतके सुश्रुताने गालाची कातडी घेऊन नाक करण्याची रीत लिहून ठेवली होती. विशेष म्हणजे ज्या अध्यायात ती आहे, त्याच अध्यायात मुलांचे कान टोचण्याची रीतही आहे. म्हणजे तुटलेले सांधणे आणि शोभेसाठी टोचणे, दोन्ही आपल्याकडे जुनेच.

१८९८ साली बर्लिनमध्ये डॉक्टर जोसेफ यांनी एका धडधाकट माणसाचे नाक लहान केले. कारण एवढेच, की मोठ्या नाकामुळे त्याला लोकांत जायची लाज वाटे. पुढे त्यांच्याकडे कित्येक ज्यू लोक येत. आपल्या नाकावरून आपली जात ओळखू नये, असे त्यांना वाटे. नाकात कसलाच रोग नव्हता. रोग होता तो बघणाऱ्यांच्या मनात. सुरी मात्र चालली ती बघितल्या जाणाऱ्याच्या नाकावर.

हल्ली आपल्याकडेही नाक, ओठ, हनुवटी बदलून घेतात. काही वडीलधाऱ्या म्हणतात, 'देवाने दिले ते बदलू नये.' मला हे पटत नाही. आपण तान्ह्या पोरीचे नाक टोचतो तेव्हा तिला कोठे विचारतो? भाजलेल्या बाईने चेहरा नीट करून घेतला तर तिला कोण नावे ठेवील? आणि मनाने खचलेल्या माणसाचे दुःख काही खोटे नसते. शहाण्या, जाणत्या बाईने धोका समजून घेऊन, स्वतःच्या मर्जीने काही केले, तर तो तिचा अधिकार आहे.

पण मर्जी खरोखर कुणाची, हे पाहिले पाहिजे. मुलगी बघायला आलेल्या मंडळींत कुणी म्हणते, 'सगळे छान, नाक जरा नकटे आहे.' असे बोलणाऱ्यांत पुष्कळदा आपणच बायका असतो. त्या पोरीने पुढे दवाखान्याची वाट धरली, तर तिला हौस सुचली असे कसे म्हणावे?

कावसजीचे नाक शत्रूने कापले होते, म्हणून ते जोडणे पुण्याचे काम ठरले. आपल्या लेकीसुनांची धड नाके आपणच जिभेने कापू नयेत. एवढे आपल्या मंडळात जरी पाळले गेले, तरी कितीतरी मुली आरशासमोर सुखाने उभ्या राहतील.