१६० चौरस फुटांतला पाडवा

२५ मार्च २०२०, बुधवार. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत तुम्हाला जाग येते आणि पाय लांब करायला जागाच नसते. पायाशी दादा, कपाटाला टेकून बाबा, ओट्याखाली आई आणि वहिनी, खाटेवर आजी. एरवी तुम्ही दोघे भाऊ गॅलरीत झोपता. पण आता कुणी बाहेर अंथरुण टाकायचं नाही, असं कमिटीनं बजावलंय.

एरवी या वेळी दादा करी रोडला लोकल पकडायला निघालेला असतो आणि रात्रपाळी करून आलेले बाबा त्याच्याच चटईवर आडवे होतात. गिरण्या गेल्या, तरी हे घर पाळ्यांवरच चालत आलंय. सहाही माणसं एकदम घरात म्हणजे गणपती, नाहीतर लग्नकार्य. सोमवारपासून लोकल बंद आहे आणि काल रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांचा लॉकडाऊन सांगितलाय.

तुम्ही बादली घेऊन बाहेर पडता. मजल्यावर २० खोल्या आणि सामायिक संडास. रांगेत एक मीटर अंतर ठेवायचं, तर शेपूट जिन्यावर जाते. कुणीतरी खोकतं. सगळ्या माना वळतात.

आज पाडवा. फुलं नाहीत, श्रीखंड नाही. आई दह्यात साखर घालून घोटतेय. शेजारच्या काकूंनी साखरेची गाठी आधीच आणून ठेवली होती. त्या तिचा दोरा मधोमध कापतात, सुटलेल्या टोकांना गाठ मारतात, अर्धी माळ ताटलीत घालून तुमच्या उंबऱ्यावर ठेवतात आणि दोन पावलं मागे सरकतात. आईही त्या मागे सरकेपर्यंत थांबते. एरवी त्या थेट ओट्यापर्यंत आल्या असत्या.

घरात थांबा, असं सांगणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे घर होतं, ते हे नव्हे. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या या खोल्यांत चूल, देव आणि अंथरुण एकाच पंख्याखाली. बाकीचा संसार गॅलरीत. भाजी निवडणं तिथे, पोरांचा अभ्यास तिथे, भांडण आणि समेटही तिथेच. साथीची भीती खरी आहे, नियम पाळायलाच हवा. पण आजीला उंबऱ्याच्या आत बसवलं, की तिचं निम्मं घर काढून घेतलं जातं. ती दिवसभर दाराकडे तोंड करून बसते.

दुपारी वहिनी ओट्यापाशी फोन धरून ऑफिसशी बोलते. कुकरची शिट्टी व्हायच्या आत आई गॅस बारीक करते.

आता शनिवारवर या, २८ मार्च. सकाळी नऊला दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू होतं. दारं उघडी, त्यामुळे एकच संवाद गॅलरीभर ऐकू येतो. आजी आपल्या उंबऱ्याआत, समोरच्या आजी त्यांच्या. दोघी मोठ्या आवाजात दशरथाच्या राण्यांची नावं एकमेकींना सांगताहेत. बाबा तोंडावर चादर ओढून पडलेत. पाळी नसली, तरी दिवसा झोपायची सवय सुटत नाही.

खालून हाक येते, “भाजीचा टेम्पो आलाय!” आई रुमाल आणि पिशवी तुमच्या हातात देते.

“टोमॅटो बघून घे रे. आणि आल्यावर आधी हात धू, मग बाकीचं!”

मिठाच्या पाण्यातून काढलेली भाजी कोरडी व्हायला पसरावी लागेल. तेवढी जमीन बाबांच्या चटईखालीच आहे, त्यांना उठवावं लागणार.