लग्नाची तसबीर

विवाहविधि पार पडला, वऱ्हाडी मंडळी आपापल्या घरीं गेली, मांडव उतरला; मग त्या दिवसाचें मागें काय उरतें? हा प्रश्न आमच्या खापरपणजोबांना कोणी विचारला असता, तर त्यांनीं देवळाकडे बोट दाखविलें असतें. इ. स. १५६३ मध्यें त्रेंत येथील धर्मपरिषदेनें 'तामेत्सी' या नांवानें प्रसिद्ध असलेला ठराव केला. विवाह धर्मग्रामाच्या धर्मगुरूसमोर व दोन किंवा तीन साक्षीदारांसमोर व्हावा, आणि धर्मगुरूनें वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस आणि स्थळ एका वहींत लिहून ती वही आपल्यापाशीं जपून ठेवावी, असें त्यांत ठरलें. त्या वेळीं वसई प्रांतांत पोर्तुगीजांचा अंमल बसून एकोणतीस वर्षें झालीं होतीं. तेव्हांपासून पुढें कित्येक पिढ्या ही वही हेंच काय तें लग्नाचें स्मारक. वहींत नांव असतें, तारीख असते, साक्षीदार असतात. परंतु चेहरा नसतो. आपली पणजी सांवळी होती कीं गोरी, ठेंगणी होती कीं उंच, हें त्या वहीस ठाऊक नाहीं.

या स्मरणिकेच्या निमित्तानें आम्हीं धर्मग्रामांतील कुटुंबांकडे जुन्या तसबिरी मागितल्या, तेव्हां नेमका उलट प्रकार दृष्टीस पडला. पेटीच्या तळाशीं लुगड्यांच्या घडींत जपलेल्या, कडा कुरतडलेल्या पुठ्ठ्यांवर चेहरे अगदीं स्पष्ट आहेत. पण हे कोण, असें विचारतांच घरांतील वडील माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात. वहींत नांवें आहेत, त्यांना चेहरे नाहींत. तसबिरींत चेहरे आहेत, त्यांना नांवें नाहींत. हें कसें झालें, तें थोडक्यांत सांगावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती १८३९ सालीं, पॅरिस शहरीं. दागेर यानें चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर उमटविलेली छबी पाहून लोक थक्क झाले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८४० च्या फेब्रुवारींत, इंग्लंडची महाराणी व्हिक्टोरिया हिचा विवाह झाला. तिनें घातलेल्या पांढऱ्या झग्याची चाल पुढें देशोदेशीं पसरली व कालांतरानें आमच्या मुलींच्या अंगावरही आली. परंतु खुद्द त्या विवाहाचें एकही छायाचित्र नाहीं, कारण तसें काढण्याची पद्धतच पडली नव्हती. अठरा वर्षांनीं, १८५८ च्या जानेवारींत, महाराणीच्या थोरल्या मुलीचें लग्न झालें, तेव्हां मात्र निघण्यापूर्वीं आई, बाप व नवरी अशा तिघांची छबी घेण्यांत आली. कन्यावियोगाच्या त्या घटकेस महाराणीला कंप सुटला होता, आणि त्यामुळें आपलें चित्र अस्पष्ट आलें, असें तिनें स्वतःच रोजनिशींत नमूद करून ठेविलें आहे. आमच्या मतें लग्नाच्या तसबिरींत इतकी खरी तसबीर दुसरी क्वचितच असेल. पुढें कॅमेरे चपळ झाले आणि मुलीची पाठवणी करणाऱ्या आईचा हात कधींच हलेनासा झाला.

मुंबईस ही विद्या फार लवकर आली. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर या कलेचा धंदाच थाटला होता. विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील निरनिराळ्या जातींच्या लोकांचीं चित्रें काढून १८६३ व १८६६ सालीं त्यांचे दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. घरांत बसवून काढलेलीं माणसें बाहेरच्या देखाव्यांवर चिकटवून हीं चित्रें तयार केलेलीं आहेत. तीं कौतुकास्पद खरीं, परंतु त्यांतील मनुष्य कोणाचा बाप, कोणाचा भाऊ म्हणून उभा नाहीं. अमुक जातीचा नमुना म्हणून उभा आहे. आपल्या माणसांची तसबीर आपण आपल्यासाठीं काढवून घ्यावी, ही गोष्ट त्यानंतरची.

ती गोष्ट सोपीही नव्हती. त्या काळच्या ओल्या कांचेच्या पद्धतींत कांचेवर द्राव ओतून, ती रौप्यक्षारांत बुडवून, ओली असतांनाच तिच्यावर चित्र घ्यावें लागे व सुकण्याच्या आंत अंधाऱ्या खोलींत नेऊन तें प्रगट करावें लागे. सगळा मिळून अवधि दहा-पंधरा मिनिटांचा. चित्र घेतेवेळीं कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे. म्हणून पाठीमागें लोखंडी टेकू लावून मान धरून ठेवीत. जुन्या तसबिरींतील वधूवर इतके गंभीर कां, असें आजचीं मुलें हंसून विचारतात. हंसूं इतका वेळ टिकत नाहीं, हें त्याचें एक कारण. दुसरें असें कीं, तसबीर काढणें हें हंसण्याचें काम आहे असें कोणास वाटतच नसे. तसबीर काढल्यानें आयुष्य उणें होतें, अशी समजूतही पुष्कळ ठिकाणीं होती. कोरड्या कांचा बाजारांत आल्यावर फोटोग्राफराच्या पाठीवरील अंधारी खोली उतरली, आणि तो गांवोगांव हिंडूं लागला. १८८७ सालीं जर्मनींत मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका करून उजेड पाडण्याची युक्ति निघाली. परंतु धुराचा लोट व दचकलेले डोळे यांमुळें ती मांडवांत फारशी मानवली नसावी.

म्हणूनच जुनी लग्नाची तसबीर लग्नाच्या वेळची नसते. ती एक तर त्यानंतर स्टुडिओंत जाऊन, रंगविलेल्या पडद्यापुढें काढलेली असते, किंवा भर उन्हांत देवळाच्या पायऱ्यांवर. पडद्यावर युरोपांतील खांब, जिना व तळें. पुढें खुर्चीवर नवरा, शेजारीं उभी नवरी, एक हात त्याच्या खांद्यावर. ज्यानें तळें कधीं पाहिलें तें फक्त शेताला पाणी देण्यासाठीं, त्याच्यामागें हंस पोहत आहेत! समुदायाच्या तसबिरींत मधोमध जोडपें, दोन्ही बाजूंस खुर्च्यांवर आईबाप व वडीलधारीं, मागें उभे काका-मामा, आणि पुढें चटईवर मुलें. ही रचना कोणीं घालून दिली कोण जाणे, पण ती मोडलेली आम्हांस आढळली नाहीं.

या तसबिरींत काय नाहीं, हेंही पाहण्यासारखें आहे. लग्नाआधीं वाजतगाजत आणलेलें उंबराचें पाणी त्यांत नाहीं. रात्रीं मांडवांत बसून बायकांनीं म्हटलेलीं गाणीं नाहींत. ज्यांनीं चुलीपाशीं रात्र जागविली, त्या शेजारणी नाहींत. कॅमेऱ्यास ऊन लागे, आणि आमच्या लग्नाचा अर्धा जीव रात्रीं असे. तसबिरी पाहून आमच्या विवाहाची कल्पना करूं जाणारास वाटेल कीं, आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर एकदां उभे राहिलों आणि संपलें.

इतर मंगलप्रसंगांची कथा थोडी निराळी. प्रथम कम्युनियनच्या तसबिरींत पांढऱ्या कपड्यांतील, हातांत मेणबत्ती धरलेलीं सात-आठ वर्षांचीं बालकें दिसतात. तीं इतकीं लहान असण्याचें श्रेय पोप दहावे पायस यांचें. त्यांनीं १९१० सालीं आज्ञापत्र काढून, मुलास समज आल्यावर, म्हणजे सुमारें सातव्या वर्षीं, पवित्र कम्युनियन द्यावें असें ठरविलें. त्यापूर्वीं बहुतेक ठिकाणीं मुलें बरींच मोठीं होईपर्यंत थांबावें लागे. आणि एक तसबीर अशी कीं जी भिंतीवर कोणी लावीत नाहीं: शवपेटीभोंवतीं उभें राहिलेलें कुटुंब. जो मुलगा बोटीवर वा परदेशीं नोकरीस आहे, ज्यास वेळेवर येतां आलें नाहीं, त्याला पाठविण्यासाठीं ती काढीत. नव्या पिढीस हा प्रकार चमत्कारिक वाटतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें आईची माती पाहिली नाहीं, त्याला तेवढें तरी पाहूं द्यावें.

हातीं धरण्याचा कॅमेरा निघाल्यावर फोटोग्राफराची मक्तेदारी संपली. ईस्टमन यानें १८८८ सालीं शंभर चित्रांची गुंडाळी भरलेला 'कोडॅक' काढला, व १९०० सालीं एका डॉलरचा 'ब्राउनी'. आमच्याकडे हें सुख सर्वसाधारण घरांत पोंचण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. 'आग्फा क्लिक-३' नांवाची काळी पेटी पुष्कळांस आठवत असेल. उटकमंड येथें १९६० सालीं सरकारी फिल्म कंपनी स्थापन झाली व तिची 'इंदु' फिल्म बाजारांत आली. एका गुंडाळींत बारा चित्रें. म्हणजे बाप्तिस्म्याला चार, घराच्या आशीर्वादाला तीन, आणि उरलेलीं पुढच्या नाताळपर्यंत राखून ठेवलेलीं. त्यामुळें एकाच गुंडाळींत वर्षभराचा संसार सांपडतो. ही काटकसर आम्हांस त्या आल्बमांचें भूषण वाटते.

चलच्चित्राचा मार्ग याहून लांबचा. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा हे मूळचे छायाचित्रकारच. त्यांनीं परदेशाहून कॅमेरा आणवून १८९९ सालीं कुस्तीचें चित्र घेतलें, आणि १९०१ सालीं केंब्रिजहून यश मिळवून परतलेल्या रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचें. मुलगा परदेशाहून घरीं येतो, ही घटना चित्रपटावर टिपावी असें या देशांत ज्याला प्रथम सुचलें, त्याच्या नांवाची ओळख आजच्या व्हिडिओवाल्यांनीं ठेवावयास हरकत नाहीं. दादासाहेब फाळके यांनींही आधीं गोध्र्यास फोटोचा धंदा केला होता.

पवित्र सभेला या विद्येचें वावडें नव्हतें. पोप तेरावे लिओ हे कार्डिनल असतांना, १८६७ सालीं, त्यांनीं छायाचित्रणावर एक लॅटिन कविता रचली होती. आणि १८९८ सालीं व्हॅटिकनमध्यें आशीर्वाद देतांना त्यांचें चलच्चित्रही घेण्यांत आलें. पोप अकरावे पायस यांनीं १९३६ सालीं चित्रपटांविषयीं स्वतंत्र विश्वपत्र लिहिलें. घरगुती उपयोगाची अरुंद फिल्म १९२२-२३ च्या सुमारास निघाली, १९३२ सालीं ८ मिलिमीटरची आली. पण ती श्रीमंतांच्या पलीकडे फारशी गेली नाहीं. सामान्य घरांतील लग्न हलूं-बोलूं लागलें तें व्हिडिओच्या फितीवर, १९८२ च्या आशियाई खेळांनंतर रंगीत दूरचित्रवाणी घरोघर येऊं लागली त्या दशकांत.

आणि येथेंच तंटा उपस्थित झाला. पूर्वीं जो मनुष्य पायऱ्यांवर थांबत असे, तो प्रखर दिवे घेऊन वेदीपर्यंत आला. वधूवर वचनें उच्चारीत आहेत आणि मध्यें कोणाची तरी पाठ. अंगठी घालून झाली तर 'पुन्हां एकदां घाला', अशी सूचना! रोमनें या गोष्टीचा विचार आधींच केला होता. २५ मे १९६७ च्या 'युखारिस्तिकुम मिस्तेरियुम' या आदेशपत्रांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, छायाचित्रें काढण्यामुळें उपासनेंत, विशेषतः मिस्साबलिदानांत, व्यत्यय येऊं नये. योग्य कारण असेल तेथें अत्यंत संयमानें व स्थानिक धर्माधिकाऱ्याच्या नियमांस धरून तीं काढावीं. तेव्हां फादरांनीं फोटोग्राफराला चार पावलें मागें सरण्यास सांगितलें, तर त्यांना दूषण देण्यापूर्वीं हा नियम ध्यानीं घ्यावा. मात्र आमचें असेंही मत आहे कीं, सगळा दोष त्या बिचाऱ्याच्या माथीं मारूं नये. पैसे मोजून 'एकही क्षण सुटूं देऊं नका' असें बजावणारे आम्हीच असतों.

आतां जपणुकीविषयीं दोन शब्द, कारण स्मरणिकेच्या कामांत आम्हांस सर्वांत अधिक हळहळ याचीच वाटली. कागदावरील जुनी तसबीर पिवळी पडते, त्याचें कारण बहुधा हायपोच्या द्रावांतून काढल्यावर ती पुरेशी धुतलेली नसते. समुद्राकांठची दमट हवा उरलेलें काम करते. तरीही शंभर वर्षांची तसबीर वाचतां येते. तीस-पस्तीस वर्षांच्या व्हिडिओ फितींची दशा याहून वाईट आहे. कित्येकींवर बुरशी चढलेली, कित्येक चिकटलेल्या, आणि ज्यांवर त्या लावावयाच्या तीं यंत्रेंच उरलीं नाहींत; तीं बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेंही २०१६ सालीं तें काम बंद केलें. आईबापांचे आवाज त्या फितींत आहेत, आणि ते ऐकण्याचें साधन घरांत नाहीं. अशा फिती ज्यांच्याकडे असतील त्यांनीं त्या विनाविलंब जाणत्या माणसाकडून उतरवून घ्याव्या. एकेक पावसाळा त्यांचें आयुष्य कमी करीत आहे. मोबाईलमधील हजारों चित्रांपैकीं निदान दहा-वीस तरी कागदावर छापून घ्यावींत. आणि प्रत्येक तसबिरीच्या पाठीस, मऊ शिसपेन्सिलीनें, कडेला, हलक्या हातानें नांवें लिहावीं. बॉलपेन वापरूं नये, त्याचा वळ पुढील बाजूस उठतो. नांवें लिहितांना पूर्ण लिहावीं; 'आजी' एवढेंच लिहिलें तर पन्नास वर्षांनीं ती कोणाची आजी, हें कोणी सांगावें?

आमच्याकडे आलेल्या तसबिरींपैकीं ज्यांतील मंडळींचीं नांवें देवळांतील विवाहाच्या वह्यांशीं ताडून निश्चित करतां आलीं, त्या नांवांसह या अंकांत छापल्या आहेत. साक्षीदार दोन; त्यांच्यावरून जोडपें, आणि जोडप्यावरून घर, असा शोध घेतां घेतां पुष्कळ कुटुंबांची गांठ पडली. एका तसबिरीचा मात्र उलगडा झाला नाहीं. पायऱ्यांवर एकंदर सतरा माणसें आहेत. वधूच्या डाव्या हातास उभ्या असलेल्या लहान मुलीच्या हातीं कागदी फुलांचा गुच्छ आहे, आणि ती एकटीच कॅमेऱ्याकडे न पाहतां दुसरीकडे पाहत आहे. ती मुलगी आज हयात असेल, तर नव्वदीच्या घरांत असावी. ही तसबीर मूळ आकारांत देवळाच्या कचेरींत ठेविली आहे. ज्या वृद्ध मंडळींस तेथवर येणें शक्य नाहीं, त्यांनीं निरोप धाडावा. आम्ही ती घेऊन त्यांच्या घरीं येऊं.