चित्रपटाची नामावली

नाटकाला जशी नांदी, तशी चित्रपटाला नामावली. दिवे मालवतात, पडद्यावर नावे उमटू लागतात आणि प्रेक्षक मात्र आपली खुर्ची शोधण्यात गुंतलेला असतो. परंतु ही नावे केवळ उपचार म्हणून तेथे आलेली नाहीत. त्यांच्यामागे दीर्घ झगडा आहे.

प्रारंभी प्रश्न होता मालकीचा. फ्रान्समधील जॉर्ज मेलिए याचा चंद्रप्रवासावरील मूकपट १९०२ साली निघाला आणि अमेरिकेत त्याच्या चोरट्या प्रती खपू लागल्या. मथळ्याची पट्टी कापून टाकली की चित्र कोणाचे हे कळण्यास मार्ग नसे. म्हणून काही कंपन्यांनी आपली मुद्रा थेट नेपथ्यातच बसविली. पाथे कंपनीचा कोंबडा आणि बायोग्राफची ‘एबी’ ही अक्षरे त्या काळच्या चित्रांत भिंतीवर लावलेली आढळतात.

मालकाचे नाव असे राखले गेले. नटाचे मात्र नाही. नाव झाले की तो वेतन वाढवून मागेल, ही धास्ती! फ्लॉरेन्स लॉरेन्स ही नटी लोकप्रिय असूनही प्रेक्षक तिला ‘बायोग्राफची मुलगी’ एवढेच म्हणत. पुढे कार्ल लेमली याने तिला आपल्याकडे घेतले. १९१० साली तिच्या अपघाती मृत्यूची वदंता उठली. ती खोटी असल्याची जाहिरात देऊन लेमलीने तिचे नाव सर्वतोमुखी केले.

नामावलीचे आणखी एक प्रयोजन म्हणजे प्रेक्षकाचे चित्त तयार करणे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री हेच काम करीत असे. १९५५ साली सॉल बास याने एका अमेरिकन चित्रपटाची नामावली इतकी अर्थपूर्ण रेखाटली की, ती सुरू होण्यापूर्वीच पडदा सरकवावा, अशी सूचना यंत्रचालकांस धाडण्यात आली.

या पंक्तीत पार्श्वगायकास मात्र पान मिळण्यास विलंब लागला. १९४९ साली ‘महल’ प्रदर्शित झाला. त्यातील ‘आयेगा आनेवाला’ या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे नाव छापले होते. ते तर मधुबालेने वठविलेल्या पात्राचे नाव! नभोवाणीवर गीत ऐकून श्रोत्यांची विचारणा करणारी पत्रे येऊ लागली. तेव्हा ध्वनिमुद्रिका कंपनीकडे चौकशी झाली आणि नभोवाणीवरून नाव जाहीर झाले: लता मंगेशकर. त्याच सुमारास लताबाईंनी गायकांची नावे नामावलीत यावीत असा आग्रह धरला आणि ‘बरसात’च्या नामावलीत ती आली.

मालकाने आपले नाव स्वतः कोरले; नटीचे नाव व्यापाराने पुढे आणले; गायिकेचे नाव श्रोत्यांनी मागून घेतले. कलेचा आनंद घेणाऱ्याने कलावंताचे नाव विचारावे, हेही एक ऋण आहे. नामावली वाचण्यास लागणारी दोन मिनिटे ही त्या ऋणाची अल्पशी फेडच होय.